उताऱ्याचा आकडा आणि धनंजयराव गाडगीळ

दिवाळी सरली की शिरूर अनंतपाळकडच्या रस्त्यांवर उसाची वाहने दिसू लागतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकेल असा उसाचा भारा आणि मागे रस्त्यावर सांडलेली पाचटाची रेघ. या दिवसांत चहाच्या टपरीवर राजकारणाइतकीच आणखी एका गोष्टीची चर्चा चालते, ती म्हणजे उताऱ्याची. अमक्या कारखान्याचा काल साडेनऊ पडला, तमक्याचा दहाच्या वर गेला, ही बोलणी टक्क्याच्या दहाव्या भागापर्यंत जातात. ज्याने चौथीतच पाटी टाकून दिली तोही त्यात हिरिरीने भाग घेतो.

थोडा विचार केला तर ही गोष्ट नवलाची वाटते. कारखान्यातली यंत्रांची साखळी किती कार्यक्षमतेने चालते, हे मोजणारे आकडे सहसा कारखान्याच्या भिंतीबाहेर येत नाहीत. मोटारीच्या कारखान्यात पाळीला किती गाड्या बाहेर पडल्या किंवा गिरणीत किती माग बंद राहिले, याची चौकशी पारावर बसून कोणी करीत नाही. साखर कारखान्याच्या बाबतीत मात्र तशी चौकशी होते, कारण त्या आकड्यावर उसाचा भाव ठरतो. याहून मोठे कारण असे की, निदान सहकारी कारखान्याच्या बाबतीत, पारावर बसलेला माणूस कागदोपत्री त्या कारखान्याचा मालक असतो. मालकाने आपल्या यंत्रांचा हिशेब विचारावा, यात वावगे काही नाही.

शेतकऱ्याला हे मालकपण मिळवून देणाऱ्यांत लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचे नाव घरोघरी माहीत आहे. त्यांच्याबरोबर जो पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ उभा राहिला, त्याची आठवण आता पाठ्यपुस्तकातल्या एका सूत्रापुरती उरली आहे. ते होते धनंजय रामचंद्र गाडगीळ. आकडा कोणासाठी मोजायचा, हा प्रश्न त्यांच्या साऱ्या आयुष्यातून वाहताना दिसतो. म्हणून टपरीवरच्या चर्चेचा धागा धरून त्यांच्याकडे जायला हरकत नाही.

मोजणीचे शिक्षण

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. शालेय शिक्षण नागपूरला झाले आणि पुढे ते इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकले. तेथे लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारतात आधुनिक उद्योग कसे आले, जुने कारागीर कसे उखडले गेले आणि शेतीवर त्याचा काय परिणाम झाला, याची मांडणी करणारा हा ग्रंथ पुढे अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी वाचला. तो प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकाचे वय होते अवघे तेवीस.

मायदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात नोकरी केली, मग सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद सांभाळले. १९३० साली रावबहादुर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. त्या पदावर ते छत्तीस वर्षे, म्हणजे १९६६ पर्यंत होते.

त्या काळी आपल्याकडचे बरेचसे अर्थशास्त्र इंग्रजी ग्रंथांतून चालत असे. गाडगीळांनी आपल्या संस्थेतल्या माणसांना रस्त्यावर आणि बांधावर धाडले. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात आणि त्यांच्या किमतीतला कोणता वाटा कोणाकडे जातो, याची पाहणी झाली. इलाख्यातल्या मोटारबस वाहतुकीची झाली. वाई तालुक्यात शेतीच्या जमाखर्चाची झाली. पुणे शहराची तर घरोघर जाऊन आर्थिक व सामाजिक पाहणी करण्यात आली. या साऱ्या कामामागची शिस्त एकच होती. आधी नीट मोजा, कसे मोजले ते सांगा, आणि मगच मत द्या.

यातली एक पाहणी आपल्या विषयाला अगदी जवळची आहे. गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांनी नेमका काय लाभ झाला, याचा अभ्यास गाडगीळांनी केला आणि तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा हिशेब सरकार पाणीपट्टीवरून मांडत असे. गाडगीळांनी त्यात शेतकऱ्याचे वाढलेले उत्पन्न, मजुराला मिळालेले काम, व्यापाऱ्याची वाढलेली उलाढाल असे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष दोन्ही लाभ धरले. पाणी देणाऱ्याच्या वहीत जो आकडा सापडत नव्हता, तो त्यांनी पाणी घेणाऱ्याच्या शिवारात शोधला.

बेलापूर ते लोणी

त्याच प्रवरेच्या काठावर तेव्हा मोठी उलथापालथ चालू होती. १९३२ साली साखरेच्या आयातीपासून देशी उद्योगाला संरक्षण मिळाले आणि खासगी साखर कारखाने भराभर वाढले. नगर जिल्ह्यात हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी अशा ठिकाणी कंपन्यांची धुराडी उभी राहिली. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन कंपन्या स्वतःच ऊस पिकवीत. ज्याच्याजवळ स्वतःचा ऊस होता तो गूळ करी, आणि गुळाचा भाव गडगडला की कर्जात बुडे. कारखान्याच्या फाटकाच्या आत काय चालते, एक टन उसातून किती साखर निघते, हे जाणण्याचा त्याला अधिकारच नव्हता.

१९४५ साली बेलापूरला बागाईतदारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी साखर कारखाना काढावा, हा विचार तेथे पुढे आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो उचलला. शिक्षणाने बेताचे, पण १९२३ पासून गावात सहकारी पतपेढी चालवण्याचा अनुभव असलेले विठ्ठलराव गावोगाव पायपीट करून शेअर गोळा करू लागले. मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात वैकुंठभाई मेहता होते. सहकारावर त्यांची निष्ठा होती आणि त्यांचे पाठबळ मिळाले. १९४८ साली संस्था नोंदली गेली. १९५० च्या डिसेंबरअखेर प्रवरेच्या कारखान्यात पहिल्या उसाची मोळी गव्हाणीत पडली.

या कारखान्याचे अध्यक्षपद सुरुवातीची सुमारे दहा वर्षे गाडगीळांकडे होते आणि उपाध्यक्ष होते विठ्ठलराव. ही जोडी विलक्षण होती. एक केंब्रिजला शिकलेला, दुसरा शेताच्या बांधावर घडलेला. एकाला शेतकऱ्याचा विश्वास मिळवता येत होता, दुसऱ्याला तो हिशेबाने टिकवता येत होता. शिवाय उसाच्या तोडणीच्या रांगेत या पुण्याच्या प्राध्यापकाचा नंबर नव्हता. कोणाचा ऊस आधी तुटावा, हा साखर कारखान्यातला सर्वांत तापट प्रश्न. ज्याचा ऊसच नाही, त्याच्यावर पक्षपाताचा आळ घेणे अवघड असते.

शंभरातले अकरा

आता उतारा म्हणजे नेमके काय, ते पाहू. शंभर टन ऊस गाळला आणि पोत्यांत अकरा टन साखर पडली, तर उतारा अकरा टक्के. गणित तिसरीतल्या मुलाचे. पण या अकराच्या मागे साऱ्या कारखान्याची परीक्षा दडलेली असते.

उसात मुळात शंभराला तेरा भाग साखर होती असे धरू. मग दोन भाग गेले कोठे? एक वाटा मळीत जातो. कितीही शिजवले तरी तिच्यातली सगळी साखर दाण्यावर येत नाही, आणि सर्वांत मोठी तूट येथेच होते. दुसरा वाटा बगॅसमध्ये, म्हणजे मिलमधून पिळून निघालेल्या चिपाडात राहतो. बगॅसमध्ये शंभराला दोनच्या आसपास साखर उरते. ती वाढली, तर रोलरची पकड ढिली आहे किंवा पिळताना वरून सोडायचे पाणी कमी पडते, हे ओळखावे. तिसरा, अगदी लहान वाटा रस गाळून उरणाऱ्या चिखलात, म्हणजे प्रेसमडमध्ये जातो. आणि एक चौथा वाटा असतो, त्याला अज्ञात तूट म्हणतात. ती कोठेतरी गळाली, आंबली, उतू गेली किंवा मोजण्यातच चुकली. प्रयोगशाळेतला केमिस्ट तासातासाला रसाचे नमुने घेतो, त्यातले विरघळलेले घटक आणि त्यातली खरी साखर मोजतो, बगॅसचा ओलावा पाहतो आणि रोजच्या तक्त्यात हे चारही वाटे भरतो.

तक्त्याची दुसरी बाजू वेळेची असते. चोवीस तासांपैकी मिल किती तास चालली आणि बंद राहिली ती कशामुळे? ऊस आला नाही म्हणून, यंत्र मोडले म्हणून, वीज गेली म्हणून, की साफसफाईसाठी? कारणे वेगवेगळ्या रकान्यांत मांडली तरच त्यांना अर्थ येतो. ऊस नसल्यामुळे गेलेला तास हा तोडणीच्या नियोजनाचा दोष, आणि साखळी तुटून गेलेला तास हा उन्हाळ्यात न झालेल्या दुरुस्तीचा. दोन्ही एकाच रकान्यात टाकले की दोष कोणाचाच राहत नाही.

हे आकडे एकमेकांशी भांडतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. गाळप वाढवायचे म्हणून मिलमध्ये ऊस कोंबला, तर टनांचा आकडा फुगतो, पण बगॅसमध्ये साखर जास्त जाते आणि उतारा घसरतो. एकाच आकड्यावर शाबासकी देणाऱ्या संचालकाला दुसरा आकडा गुपचूप फसवत असतो.

याहून सूक्ष्म गोम चालू उताऱ्यात आहे. रोज सकाळी जो उतारा सांगितला जातो, त्यात पोत्यांतल्या साखरेबरोबर अजून टाक्यांत आणि पॅनमध्ये असलेल्या साखरेचा अंदाजही धरलेला असतो. तो अंदाज सैल हाताने केला, तर आजचा उतारा चांगला दिसतो. पण हंगाम संपतो, टाक्या रिकाम्या होतात आणि शेवटची पोती मोजली जातात, तेव्हा सगळी उसनवारी बाहेर पडते. म्हणून जाणता माणूस आजच्या उताऱ्यावर भाळत नाही. तो हंगामाअखेरचा आकडा पाहतो आणि अज्ञात तूट किती, ते विचारतो.

सर्वांचा एकच आकडा

सहकारी कारखान्यात या हिशेबाला आणखी एक पदर येतो. प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचे वजन वेगळे होते, पण उतारा मात्र सर्वांचा मिळून एकच निघतो. एकाने वेळेवर लावलेला, नीट पिकलेला, तोडल्या दिवशीच काट्यावर आलेला ऊस दिला आणि शेजाऱ्याचा ऊस तोडून तीन दिवस फडातच वाळत पडला, तर दोघांचा रस एकाच टाकीत जातो. तुटलेल्या उसातली साखर तासागणिक कमी होत असते. म्हणजे एकाची दिरंगाई साऱ्यांच्या भावातून कापली जाते, आणि एकाच्या मेहनतीचे फळ साऱ्यांना मिळते.

अशा ठिकाणी आकड्यावर विश्वास नसेल, तर सहकार टिकत नाही. काट्यावर शंका, उताऱ्यावर शंका, तोडणीच्या क्रमावर शंका. मग सभासद आपला ऊस दुसऱ्या कारखान्याकडे वळवतो किंवा गुऱ्हाळाला घालतो. कारखान्याला ऊस कमी पडतो, बंद तास वाढतात, खर्च चढतो आणि भाव आणखी उतरतो. मराठवाड्यात बंद पडलेल्या कारखान्यांची गंजकी धुराडी पाहिली की, यंत्रे मोडण्याच्या कितीतरी आधी विश्वास मोडला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

शेतकऱ्याच्या पदरी या आकड्याचे मोल किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर भाव ठरवला, आणि त्यापुढे प्रत्येक दशांश टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे टनाला चौतीस रुपये साठ पैसे. एकरी चाळीस टन ऊस धरला, तर दशांश टक्क्याचा फरक एकरामागे तेराशे चौऱ्याऐंशी रुपयांचा होतो. रोज पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात तोच दशांश टक्का दिवसाला पन्नास क्विंटल साखरेचा असतो. टपरीवर दशांशावरून वाद होतो, तो उगीच नव्हे.

अलीकडे हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. उसाच्या रसातली किंवा मळीतली काही साखर मुद्दाम इथेनॉलकडे वळवली जाते. ती पोत्यांत दिसत नाही, म्हणून तिचा हिशेब करून उताऱ्यात मिळवावी लागते. पोती कोणालाही मोजता येतात, ही मिळवणी मात्र येत नाही. मालकाला कळेल अशा भाषेत तिची फोड करून सांगणे, हे आज कारखान्यावर पूर्वीपेक्षा मोठे देणे आहे.

सूत्र सर्वांना माहीत असावे

गाडगीळांच्या पुढच्या आयुष्यात हाच विचार मोठ्या पटावर दिसतो. १९५१ साली नेमलेल्या ग्रामीण पतपुरवठा पाहणी समितीचे ते सदस्य होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा किती नगण्य आणि सावकाराचा किती प्रचंड आहे, हे त्या पाहणीने आकड्यांनी दाखवून दिले. सहकाराची भलावण करणाऱ्यांनाच हा आकडा सर्वांत झोंबणारा होता, पण तो लपवला गेला नाही. त्यावर पुढच्या धोरणाची उभारणी झाली.

१९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राने राज्यांना द्यायच्या मदतीत तोवर बरेचसे योजनेगणिक आणि मर्जीगणिक चाले. १९६९ साली चौथ्या योजनेच्या वेळी त्यांनी वाटपाचे सूत्र आणले. साठ टक्के वजन लोकसंख्येला. उरलेले दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी दहा टक्के. सूत्रावर वाद झाले, पुढे ते बदललेही. पण आपल्या वाट्याला काय येणार, हे कोणत्याही राज्याला कागद-पेन्सिल घेऊन स्वतः काढता येऊ लागले. एका जिल्ह्याच्या पतपुरवठ्याची जबाबदारी एका बँकेवर टाकावी, या अग्रणी बँक योजनेच्या कल्पनेचा उगमही त्याच वर्षीच्या, त्यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटात आहे.

कारखान्याचा उतारा असो की देशाच्या तिजोरीतला वाटा, आकडा ज्याच्या पोटावर येतो त्याला तो स्वतः पडताळता आला पाहिजे, असा या साऱ्या कामाचा मथितार्थ आहे. ३ मे १९७१ रोजी, दिल्लीची जबाबदारी संपवून पुण्याला परतीच्या वाटेवर असतानाच त्यांचे निधन झाले.

तक्त्यात नसलेला रकाना

बेलापूरची परिषद भरली, तेव्हा शिरूर अनंतपाळचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. साखरेचा कारखाना म्हणजे १९३७ साली नांदेडच्या सीमेपलीकडे बोधनला उभा राहिलेला, हीच इकडची ओळख. प्रवरेचा धडा मराठवाड्यात यायला वेळ लागला. तेरणेच्या काठी ढोकीला कारखाना झाला, पुढे १९८० च्या दशकात लातूरजवळ मांजरा उभा राहिला, आणि जवारी, तूर, करडईच्या शिवारात ऊस शिरला. कोल्हापूरच्या मानाने इकडचा उतारा कमीच; तरी हमखास पैसा देणारे पीक म्हणून शेतकऱ्याने त्याला कवटाळले.

मग एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या लोकांना प्यायला पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. त्या उन्हाळ्यात एक प्रश्न उघडा पडला. कारखान्याचा तक्ता एक टन उसामागे किती साखर, हे सांगतो. एक टन पाण्यामागे किती साखर, हा रकाना त्यात नाही. कालव्याचा हिशेब पाणीपट्टीच्या वहीबाहेर जाऊन शिवारात मांडणाऱ्या गाडगीळांच्या पद्धतीने पाहिले, तर मराठवाड्यातल्या कारखान्याची खरी कामगिरी या रकान्यावाचून पुरी मोजली जात नाही. ठिबकवर वाढवलेला ऊस आणि पाटाने भिजवलेला ऊस काट्यावर एकाच भावाने तुलतात, आणि विहिरीच्या तळाचा हिशेब कोणीच देत नाही.

म्हणून शिरूर अनंतपाळच्या टपरीवरची चर्चा थांबू नये. ती आणखी पुढे जावी. काल उतारा किती पडला, हे विचारून झाले की अज्ञात तूट किती, बंद तास कशामुळे, इथेनॉलला गेलेली साखर कशी मोजली, आणि टनामागे पाणी किती लागले, हेही विचारले जावे. वार्षिक सभेत अहवाल हाती पडतो, तेव्हा बहुतेक जण पहिल्या पानावरचा भाव पाहून तो घडी घालून खिशात ठेवतात. आतल्या तक्त्यांची पाने तशीच राहतात. ती पाने वाचता यावीत, एवढ्यासाठीच तर पंचाहत्तर वर्षांपूर्वी शेतकऱ्याने दहा-दहा गावे फिरून आपला कारखाना उभा केला होता.